मेंदूला रक्त कमी पुरतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमआरआयचा मोठा लिफाफा टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, "डॉक्टर, आईच्या मेंदूला रक्त कमी जातंय म्हणे." असं सांगणारी घरं ओपीडीत नेहमी येतात. हातात लिफाफ्याबरोबर गोळ्यांची कॅरीबॅगही असते आणि त्यातल्या निम्म्या गोळ्या 'रक्तप्रवाह वाढवण्याच्या' असतात. पुढचे प्रश्न अशाच भेटींमधले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या माणसाच्या गोळ्या यावरून परस्पर बदलू नका.

मेंदूला रक्त कमी पुरतं म्हणजे नेमकं काय होतं?

मेंदूचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. दर मिनिटाला सुमारे ७०० ते ७५० मिली रक्त त्याला लागतं आणि साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे नाही. हे रक्त चार धमन्यांतून येतं. दोन मानेच्या पुढच्या बाजूने (जबड्याखाली बोट ठेवलं की ठोका लागतो त्या) आणि दोन मागून, मणक्यांच्या भोकांतून. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडून एक कडं तयार करतात. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखलं जातं. एक वाट हळूहळू अरुंद झाली तर या कड्यामुळे दुसरीकडून रक्त वळवता येतं. मानेतली एक धमनी पूर्ण बंद असूनही ज्यांना काही कळलेलंच नाही अशी माणसं असतात, ती याच कड्याच्या जिवावर.

बिघाड दोन ठिकाणी होतो. एक मोठ्या धमन्यांत, चरबीचा थर साचून. दुसरा मेंदूच्या आतल्या केसाएवढ्या बारीक धमन्यांत, वर्षानुवर्षांच्या बीपी-शुगरने त्यांच्या भिंती जाड आणि कडक होऊन. कालव्याच्या पाण्याचा अनुभव असलेल्यांना हे लगेच समजतं. वर आवर्तन सुटलेलं असतं, पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात पाणी पोहोचत नाही. मेंदूच्या आतला पांढरा भाग हा असा टेलचा भाग आहे. उपासमार आधी तिथे सुरू होते.

रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' लिहून आलंय. घाबरायचं का?

लगेच नाही. बारीक धमन्यांतून रक्त कमी पोहोचल्याच्या जुन्या खुणा, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या एमआरआयमध्ये थोडेफार पांढरे ठिपके दिसतातच. रेडिओलॉजिस्ट त्यांना फाझेकास श्रेणी देतात, ० ते ३. श्रेणी १ म्हणजे सुटे ठिपके. माणूस व्यवस्थित असेल तर त्यावरून झोप उडवून घेण्याचं कारण नाही, बीपी मोजायला मात्र कारण आहे. श्रेणी ३ म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळून मोठे पट्टे झालेले. तिथे गंभीरपणे बघावं लागतं. ओट्टो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये, एमआरआय तर सोडाच, एक्स-रेही नव्हते तेव्हा, पांढऱ्या भागाच्या या झिजेचं वर्णन केलं होतं. आजार जुनाच आहे. फोटो आता निघायला लागल्यामुळे तो घरोघरी दिसतो.

फिल्म बघण्याआधी माणूस बघावा, हे मी रोज सांगतो. पट्टे भरपूर आणि माणूस टुणटुणीत, किंवा ठिपके मोजके आणि चाल पार बिघडलेली, असं दोन्ही पाहायला मिळतं.

लक्षणं कोणती? विसरायला होतं तेच ना?

विसरणं हे पहिलं लक्षण असेलच असं नाही. पहिला येतो तो संथपणा. एका सुनेने सासूबाईंबद्दल सांगितलेलं अजून लक्षात आहे. "पुरण विसरल्या नाहीत हो. डाळ शिजवली, कट काढला आणि मग अर्धा तास नुसत्या बसून राहिल्या. मी म्हटलं, आई, गूळ घालायचाय ना? तर उठल्या आणि पुढचं सगळं बिनचूक केलं." या आजाराचं याहून चांगलं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. माहिती आत शाबूत असते. ती काढायला, कामाचा क्रम लावायला आणि सुरुवात करायला जोर पुरत नाही. कोणी आठवण दिली की गाडी चालू होते. अल्झायमरमध्ये बहुधा उलटं असतं. आठवण दिली तरी "असं कधी ठरलं होतं?" असा कोरा चेहरा.

दुसरं लक्षण चालण्यातलं. पाऊल छोटं पडतं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, वळताना पाच-सहा पावलं लागतात. गुडघे दुखतात म्हणून असेल, असं समजून घरचे सोडून देतात. तिसरं म्हणजे लघवीची घाई. चौथं म्हणजे उत्साह मावळणं. रोज पेपर ओळन् ओळ वाचणारे आजोबा तो नुसता मांडीवर घेऊन बसतात. दुःखी दिसत नाहीत, पण कशातच रस उरलेला नसतो.

ओपीडीत मी कागद देऊन घड्याळ काढायला सांगतो, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. गोल येतो, आकडे येतात आणि काटे मात्र दहावर आणि अकरावर लागतात. सांगितलेला 'दहा' मिनिटांसाठी दोनवर न्यायचा, हे जमत नाही. तीस वर्षं हिशेब सांभाळलेल्या माणसाला असं अडलेलं पाहून सोबत आलेला मुलगा गप्प होतो.

चक्कर येते. म्हणजे मेंदूला रक्त कमी जातंय ना?

बहुतेक वेळा नाही. सर्वांत मोठा घोळ याच प्रश्नात आहे.

कुशीवर वळताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की खोली गरकन फिरते आणि मिनिटभरात थांबते, असं असेल तर दोष बहुधा कानात आहे. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून भलत्या नळीत जातात. त्यासाठी एप्ले नावाची डोकं वळवण्याची क्रिया आहे. टेबलावर झोपवून पाच-दहा मिनिटांत होते आणि कित्येकांना एका बैठकीत बरं वाटतं. यासाठी एमआरआय आणि वर्षभराच्या गोळ्या घेतलेली माणसं पाहिली की वाईट वाटतं.

उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, हा प्रकार वेगळा. आडवं असताना बीपी मोजायचा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहताना रक्त खरोखरच कमी पडतंय. पण कारण मेंदूच्या धमनीत असेलच असं नाही. प्रोस्टेटची गोळी, लघवी वाढवणारी बीपीची गोळी, मे महिन्यात कमी प्यायलेलं पाणी, जुना मधुमेह यांतलं काही सापडतं. गोळीचा डोस किंवा वेळ बदलून हा प्रश्न पुष्कळदा सुटतो.

मानेच्या मणक्यात गॅप आहे, त्यामुळे रक्त अडतं असं सांगितलंय.

मणक्याच्या वाढलेल्या हाडाने धमनी दाबली जाऊन मेंदूला रक्त कमी पडणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. पन्नाशीनंतर मानेचा एक्स-रे काढला तर जवळजवळ प्रत्येकाला 'स्पाँडिलोसिस', म्हणजे मणक्यांची वयोमानाने झालेली झीज, निघतो. त्यामुळे तो चकरेचं कारण ठरवायला सोयीचा पडतो, इतकंच.

मानेबाबत खरी भीती वेगळी आहे. दाढी-कटिंग झाल्यावर मालीश करून मान कडकन मोडून घ्यायची सवय असेल तर ती आजच बंद करा. त्या झटक्याने मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि धडधाकट तरुणालाही लकवा होऊ शकतो. पार्लरमध्ये बेसिनवर मान मागे ताणून केस धुतल्यानंतर झालेल्या अशा लकव्यांबद्दल १९९३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं गेलंय. मानेखाली टॉवेलची घडी घ्या आणि फार वेळ तसं राहू नका.

कोणत्या तपासण्या लागतात?

दोन्ही हातांचा बीपी, नाडी, ईसीजी, शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनीसाठी), थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन. मग गरजेप्रमाणे मानेच्या धमन्यांची डॉप्लर सोनोग्राफी (आतला रक्तप्रवाह दाखवणारी) आणि मेंदूचा एमआरआय. सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचे फोटो, सरसकट नाही. डॉप्लरमध्ये काही सापडलं किंवा झटका (लकवा, मग तो थोड्या वेळाचा का असेना) येऊन गेला असेल तर.

दोन्ही हातांचा बीपी का, असं विचारतात. एका हातात तो बराच कमी लागला तर खांद्याकडे जाणारी धमनी अरुंद असू शकते. तरुण मुलीच्या मनगटाची नाडीच लागत नसेल तर ताकायासू नावाचा धमन्यांच्या सुजेचा आजार बघावा लागतो. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रवैद्याने तो १९०८ मध्ये मांडला आणि भारतातही तो आढळतो. त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

रक्तप्रवाह वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. त्या लागतात का?

सिनारिझिन, फ्लुनारिझिन, पिरासिटाम, सिटिकोलिन, जिंको बिलोबा, विनपोसेटिन ही नावं तुमच्या कॅरीबॅगेत असण्याची शक्यता मोठी आहे. स्पष्टच सांगतो, बारीक धमन्यांचा हा आजार यांनी थांबतो असा भक्कम पुरावा नाही. जिंकोची मोठी चाचणी अमेरिकेत पंचाहत्तरीपुढच्या ३,००० हून अधिक लोकांवर झाली आणि २००८ मध्ये निकाल आला. रोज दोन वेळा १२० मिलिग्रॅम घेऊनही स्मृतिभ्रंश टळला नाही. सिटिकोलिनची ताज्या लकव्यातली मोठी चाचणीही २०१२ मध्ये फायदा न दाखवता संपली.

पिरासिटाम-सिटिकोलिनने बहुतेकांचा फक्त खिसा हलका होतो. सिनारिझिन आणि फ्लुनारिझिनचं तसं नाही. म्हाताऱ्या माणसाला त्या महिनोन् महिने दिल्या तर हातपाय कडक होणं, थरथर, चेहरा निर्विकार होणं, पाय घासत चालणं असं पार्किन्सनसारखं सगळं सुरू होऊ शकतं. मग त्या थरथरीसाठी आणखी एक गोळी लागते. चकरेसाठी चार दिवस दिलेली गोळी केमिस्टकडून दोन वर्षं रिपीट होत राहिली आणि ती थांबवल्यावर आजोबा काही महिन्यांत पुन्हा स्वतः चालत देवळात जाऊ लागले, असं मी पाहिलंय. घरी अशी गोळी चालू असेल तर पुढच्या भेटीत तिचं नाव घेऊन विचारा, "ही अजून लागते का?"

दर सहा महिन्यांनी 'मेंदूचं सलाईन' लावून घेतो. चालतं का?

नका लावू. पिवळं किंवा लाल दिसणारं ते सलाईन बहुधा जीवनसत्त्वांचं असतं. त्याने दोन दिवस तरतरी वाटते, धमनी रुंद होत नाही. 'ब्लॉकेज धुऊन काढणारी' किलेशनची सलाईन तर किडनीला महागात पडू शकतात. स्टेम सेलची इंजेक्शनंही या आजारासाठी मान्य नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती संशोधन-चाचणीबाहेर देता येत नाहीत. एका बैठकीच्या पैशांत घरी बीपीचं चांगलं मशीन येतं आणि वरून पैसे उरतात.

मग खरा उपचार काय?

बीपी. त्याखाली एक रेघ मारा आणि मग बाकीची यादी लिहा.

बारीक धमन्या खराब करण्यात बीपीइतका वाटा दुसऱ्या कशाचाच नाही. अमेरिकेतल्या स्प्रिंट अभ्यासात एका गटाचा वरचा बीपी १४० च्या खाली आणि दुसऱ्याचा १२० च्या खाली ठेवला होता. २०१९ मध्ये आलेल्या निकालांत १२० वाल्या गटात स्मृतीची सौम्य घसरण कमी लोकांना झाली आणि एमआरआयवरचे पांढरे पट्टेही कमी वाढले. पूर्ण स्मृतिभ्रंशातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, हेही सांगायला हवं. त्या अभ्यासात मधुमेही आणि आधी लकवा झालेले घेतलेच नव्हते. म्हणून बहुतेकांसाठी १३०/८० च्या आत हे लक्ष्य धरतात. ऐंशीपुढच्या, पडणाऱ्या, उभं राहताच बीपी उतरणाऱ्या माणसाला थोडी सैल दोरी देतात.

घरी मोजताना चहानंतर किंवा जिना चढून आल्याबरोबर मोजू नका. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर. मशीनचा पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून गुंडाळू नये. दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहा. दुधाचा हिशेब लिहायला कॅलेंडर असतंच.

बाकीची यादी: शुगर ताब्यात ठेवणं, धमनीत चरबी असेल तर कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी, आठवड्याला किमान १५० मिनिटं घाम येईल असं चालणं, घोरत झोपणाऱ्याची झोपेतल्या श्वासाची तपासणी, नाडी अनियमित असेल तर त्यासाठी वेगळी रक्त पातळ करणारी गोळी. आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट चहाचा चमचा. भाजीत कमी घातलं म्हणून समाधान मानून वर पापड, लोणचं, ठेचा आणि खारवलेली मिरची घेतली की तो चमचा ताटाच्या डाव्या बाजूलाच संपतो.

सिलोस्टॅझॉल आणि आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट या जुन्या गोळ्या बारीक धमन्यांच्या लकव्यानंतर उपयोगी पडतील का, याची चाचणी ब्रिटनमध्ये झाली. २०२३ मधले निकाल आशादायक होते, पण ती ३६३ रुग्णांची चाचणी होती. अजून सगळ्यांना द्यावं असं झालेलं नाही.

बीपी कमी केला तर मेंदूला आणखी कमी रक्त मिळणार नाही का?

चांगला प्रश्न आहे आणि यात थोडं तथ्यही आहे. बीपी थोडा वर-खाली झाला तरी मेंदूच्या धमन्या स्वतः आकुंचन-प्रसरण करून प्रवाह सारखा ठेवतात. वर्षानुवर्षं १८०-१९० वर राहिलेल्या माणसात ही यंत्रणा त्या उंच दाबाला सरावलेली असते. तिला एका रात्रीत ११० वर आणलं तर गरगरतं आणि माणूस म्हणतो, "मला बीपी जास्तच सोसतो." म्हणून काही आठवड्यांत, पायरी-पायरीने उतरवायचा. मग धमन्याही नव्या पातळीला रुळतात. दोन्ही बाजूंच्या मोठ्या धमन्या खूप अरुंद असतील तर अधिक जपून.

अ‍ॅस्पिरिन सुरू करू का? शेजारचे काका घेतात.

शेजारच्या काकांना कदाचित स्टेंट बसवलेला असेल. लकवा, छोटा झटका किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना अशी गोळी लागते. नुसते पांढरे ठिपके दिसले म्हणून नाही. निरोगी सत्तरीपुढच्यांवर झालेल्या अ‍ॅस्प्री चाचणीत (२०१८) अ‍ॅस्पिरिनने धडधाकट आयुष्य वाढलं नाही, रक्तस्राव वाढला. आणि चालू असलेली गोळी दात काढायचाय म्हणून परस्पर बंदही करू नका.

मानेच्या धमनीत ७० टक्के ब्लॉकेज आहे. ऑपरेशन करावं का?

आधी एक गोष्ट ठरवायची. त्याच बाजूच्या धमनीमुळे गेल्या सहा महिन्यांत झटका आलाय का? हात लुळा पडून परत ठीक होणं, तोंड वाकडं होणं, एका डोळ्यापुढे काही मिनिटं पडदा येणं हे सगळं त्यात धरायचं. आला असेल आणि अडथळा ७० ते ९९ टक्के असेल तर धमनी उघडून थर काढण्याच्या ऑपरेशनचा फायदा मोठा आहे. १९९१ च्या नासेट अभ्यासात अशा रुग्णांपैकी फक्त औषधांवर असलेल्यांत दोन वर्षांत २६ टक्क्यांना त्या बाजूचा लकवा झाला, ऑपरेशन झालेल्यांत ९ टक्क्यांना. झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत केलं तर लाभ सर्वांत जास्त. गावच्या जत्रेनंतर बघू, असं करू नये.

झटका आलाच नसेल तर घाई नको. १९९१ च्या मानाने आजची औषधं बरीच पुढे गेली आहेत आणि झटका न आलेल्यांत ऑपरेशनचा फायदा थोडा असतो. सर्जनना त्यांच्या हाताखालच्या रुग्णांत ऑपरेशनवेळी लकवा किती जणांना झाला, हे निःसंकोच विचारा. चांगला सर्जन रागावत नाही.

धमनी पूर्ण, १०० टक्के बंद असेल तर ती सहसा उघडत नाहीत.

हृदयासारखी मेंदूची बायपास होते ना? किंवा आत स्टेंट?

होते, पण थोड्यांना. टाळूवरची धमनी मेंदूच्या धमनीला जोडायची ही कल्पना ऐकायला इतकी पटते की ती जगभर केली गेली. मग १९८५ मध्ये १,३७७ रुग्णांच्या चाचणीने दाखवलं की लकवा टळत नाही. २०११ मध्ये अधिक निवडक रुग्णांवरही तेच दिसलं. मोयामोया नावाच्या आजारात मात्र ही शस्त्रक्रिया खरी उपयोगी पडते. त्यात कवटीतल्या मोठ्या धमन्या बंद होत जातात आणि बारीक वाहिन्यांचं जाळं अँजिओग्राफीत धुराच्या लोटासारखं दिसतं. जपानी नाव त्यावरूनच आलंय. मूल रडलं किंवा गरम खाण्यावर फुंकर मारत बसलं की हात लुळा पडतो, असं आईने सांगितलं तर हा आजार आठवायचा.

कवटीच्या आतल्या अरुंद धमन्या आपल्या आशियाई लोकांत जास्त आढळतात. तिथे स्टेंट घालून पाहिला तेव्हा सॅम्प्रिस चाचणीत महिन्याभरात १४.७ टक्क्यांना लकवा किंवा मृत्यू आला, नेटाने औषधं दिलेल्यांत ५.८ टक्क्यांना. म्हणून आधी औषधं.

शीर्षासनाने मेंदूला रक्त जास्त मिळतं ना?

डोकं खाली केलं म्हणून मेंदू जास्त रक्त घेत बसत नाही. वर सांगितलेली यंत्रणा इथेही आपलं काम करते. डोळ्यांतला दाब मात्र शीर्षासनात साधारण दुप्पट होतो. काचबिंदू, वाढलेला बीपी किंवा मानेचा त्रास असलेल्या साठीच्या माणसाने ते करू नये. सूर्यनमस्कार, चालणं, फुगडी, काहीही चालेल. ब्राह्मीचं तेल लावून शांत झोप लागत असेल तर जरूर लावा, धमनीशी त्याचा संबंध नाही. लसूण फोडणीत छान.

आई मिश्री लावते, ओढत तर नाही. मग?

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, बीपी आणि नाडी वाढवतं, आणि धूर नसलेल्या तंबाखूनेही लकव्याचा धोका वाढतो. आयांना सिगारेटबद्दल विचारलं की त्या हसतात. म्हणून मी "सकाळी दात कशाने घासता?" असं विचारतो. तिथे खरं उत्तर मिळतं.

गेलेली स्मरणशक्ती परत येते का?

मेलेला भाग परत येत नाही. पण घसरणीतला काही वाटा बहुधा दुसऱ्याच गोष्टींचा असतो आणि तो परत मिळतो. बी-१२ची कमतरता (शाकाहारी घरांत तर बघायलाच हवी), मंद थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेच्या आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्या. डोनेपेझिलसारख्या स्मृतिभ्रंशासाठीच्या गोळ्यांनी काहींना थोडा फायदा होतो. दोन-तीन महिने बघून फरक नसेल तर बंद कराव्यात.

लगेच दवाखान्यात कधी धावायचं?

अचानक तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय गळणं, बोबडं बोलणं, तोल जाणं, दिसेनासं होणं. १०८ लावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते तास माणूस शेवटचा ठीक दिसला तिथपासून मोजतात, तुम्हाला कळलं तिथपासून नाही. तोंडात पाणी, साखर, गोळी काही घालू नका. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी त्याच दिवशी दाखवा. पुढचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात.

तपासायला येताना काय आणावं?

सगळ्या गोळ्या पाकिटांसकट, आयुर्वेदिक पुड्यासुद्धा. कॅलेंडरची ती पानं. जुना एमआरआय असेल तर फिल्म किंवा सीडी, नुसता रिपोर्ट नको. आणि मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ, आई स्वयंपाकघरातून हॉलमध्ये चालत येऊन वळते तेवढाच. माझ्यासमोर सगळे जरा नीटच चालतात.